डाग काढणारी आत्या

आमच्या गल्लीतला लाँड्रीवाला आत्या दिसली की हटकून म्हणायचा, "आत्याबाई, आपला धंदा एकच! मीही डाग काढतो, तुम्हीही डाग काढता. फरक एवढाच, मी काढला की तो जातो आणि तुम्ही काढला की तो राहतो." आणि स्वतःच खो-खो हसायचा. वर्षानुवर्षं तोच विनोद. एकदा मी म्हटलंसुद्धा, "काका, आता तो विनोदच धुवायला टाका, पार मळलाय." आत्या मात्र दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसायची.

पण तो खोटं बोलत नव्हता. आत्याची नोकरीच ती होती. गावाबाहेरच्या टेकडीवर सूर्य बघायची वेधशाळा आहे. तिथल्या दुर्बिणीतून सूर्याचा गोल एका फळीवर लावलेल्या कागदावर पडतो, साधारण जेवणाच्या ताटाएवढा. त्या गोलात जे काळे डाग दिसतील ते पेन्सिलीने जिथल्या तिथे काढायचे. आभाळ स्वच्छ असेल त्या प्रत्येक सकाळी. 'तात्पुरतं' म्हणून लागली आणि केस पांढरे होईपर्यंत तिथेच राहिली. घरचे म्हणायचे, सूर्य बघता बघता हिचा मुलगा बघायचा राहून गेला.

"अगं, आता फोटो निघतात ना? मग हाताने कशाला गिरवत बसायचं?" मी एकदा विचारलं होतं.

"कॅमेरे बदलतात गं. आजचा उद्या नसतो. हात आणि पेन्सिल मात्र पणजीच्या वेळी होती तशीच आहे. म्हणून आजचा सूर्य तेव्हाच्या सूर्याशी ताडून बघता येतो," ती म्हणाली. मला काही ते पटलं नव्हतं, पण तिच्यापुढे वाद कोण घालणार.

माझं शिवणाचं दुकान आहे. वेधशाळेतून उतरली की आत्या तिथे यायची, माझ्या मशीनपाशी स्टूल ओढायची आणि मी शिवत असताना गप्पा मारायची. सूर्य मला तिने तिथेच शिकवला, तोही दोऱ्यावर. "सूर्य काही दगडासारखा घट्ट नाही," ती म्हणायची, "वायूचा उकळता गोळा आहे. पोटापाशी भरभर फिरतो, डोक्यापाशी रमतगमत. आता त्याच्या आत चुंबकाचे दोरे आहेत असं समज. पोट पुढे पळालं की दोरे ओढले जातात, गुंडाळले जातात, त्यांना पीळ पडतो. पीळ अती झाला की दोऱ्याचा एखादा वेढा उसळून वर येतो. जिथे बाहेर पडतो तिथे खालची उष्णता अडते, तेवढी जागा जरा निवते आणि काळी दिसते. तोच डाग."

"म्हणजे बॉबिनचा ताण बिघडला की कापडावर दोऱ्याचे वेढे येतात, तसं?"

"अगदी तसं."

"पण मुळात ते चुंबक आलं कुठून?"

"थोडंसं असतंच गं. सूर्य ते ढवळून ढवळून वाढवतो. विरजणासारखं."

मग ती सांगायची की दहा-अकरा वर्षांत हा सगळा गुंता विस्कटतो, चुंबकाचं उत्तर-दक्षिण उलटं होतं, सूर्य कोरा होतो आणि पुन्हा नवा पीळ पडायला लागतो. नव्या फेरीचा पहिला डाग नेहमी वर, डोक्याकडे येतो. मी म्हणायचे, सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण माणसांसाठी नसून सूर्यासाठीच केली असणार. तर ती म्हणायची, "आणि तुझ्यासाठी."

हे तिचं बरोबर होतं. मी रागीट आहे, आमच्या घरात ते कुणी नाकारत नाही. एकदा सासूबाई मला टोमणे मारतात म्हणून मी तणतणत होते, तेव्हा आत्या म्हणाली, "कागद हलवून बघ." हे तिच्या कामातलं. गोलात एखादा बारीक ठिपका दिसला की तो सूर्यावरचा की कागदावरच्या धुळीचा ते कळत नाही. मग फळीवरचा कागद हळूच हलवायचा. ठिपका कागदाबरोबर सरकला तर कचरा, जागच्या जागी राहिला तर सूर्याचा. मी सासूबाईंचं बोलणं दोन दिवस त्या नजरेने ऐकलं. निम्मं सरकलं. निम्मं राहिलं, आणि त्यावरून मी रीतसर भांडले.

आत्याच्या निवृत्तीचं साल आलं तेव्हा सूर्य कोरा पडला होता. रोज नुसतं रिकामं ताट. तिच्यानंतर तिच्या जागी हिशेबातल्या वहिनी बसणार होत्या. वहिनी म्हणजे वेधशाळेच्या ऑफिसात आकडेमोड करणाऱ्या बाई, आत्याच्या डब्याच्या जोडीदारीण. दुसरं कुणी ते काम घ्यायला तयार नव्हतं, म्हणून साहेबांनी त्यांना तिकडे ढकललं. वहिनी घाबरलेल्या. आत्या त्यांना म्हणायची, "कोऱ्या सूर्यावर शिका. चुकायलाच काही नाही." पण मला एकटीला तिने मनातलं सांगितलं. "जाण्याआधी नव्या फेरीचा पहिला डाग माझ्या हातून निघावा गं. एवढंच मागणं आहे." आयुष्यात तिने स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं ते तेवढंच.

आणि तो निघाला! एका सकाळी ती दुकानात आली तीच लहान पोरीसारखी. डोक्याकडच्या भागात, जिथे यायला हवा अगदी तिथे, इवलासा डाग. "कागद हलवलास?" मी विचारलं. "हलवला. ढिम्म हलला नाही," ती म्हणाली. पुढे आणखी काही सकाळी तो दिसला, कधी जरा इकडे, कधी तिकडे. वहिनींना काही तो दिसला नव्हता, पण वहिनी नवख्या. त्यांना वाटलं आपलीच नजर तयार नाही.

साहेब उतावळे. त्यांनी लगेच पेपरात बातमी दिली, 'नव्या सौरचक्राचा पहिला डाग आमच्या वेधशाळेत'. निवृत्तीच्या दिवशी मोठा सत्कार ठरला. आत्याने काढलेलं ते चित्र फ्रेम करून दालनात लावायचं ठरलं, त्यासाठी भिंतीत खिळासुद्धा ठोकून झाला. लाँड्रीवाला भेटेल त्याला सांगत सुटला, "आमच्या आत्याबाईंनी डाग काढला!" मी सत्काराला घालायला तिच्यासाठी पांढरंशुभ्र कापड आणलं.

मग फोन आला. जगभरातली ही चित्रं जिथे गोळा होतात त्या केंद्रातल्या एक बाई. फार अदबीने बोलल्या. आत्याने स्पीकर लावला होता म्हणून मीही ऐकलं. "तुम्ही डाग दाखवलाय त्या जागी आमच्या यंत्राला चुंबक अजिबात सापडत नाही. बाकी कुणाच्या चित्रातही तो नाही. तुम्ही एकदा बघाल का?"

आत्याचा चेहरा उतरला. डाग असेल तर चुंबक असणारच, हे तिनेच मला शिकवलं होतं. पण ती ताठ आवाजात म्हणाली, "मी काही शिकाऊ नाही. कागद हलवूनच काढलाय." आणि फोन ठेवला.

माझं तर डोकंच सटकलं. "कोण कुठली ती! हिचं वय नाही तेवढी तू चित्रं काढलीयेस. तिचं यंत्रच बिघडलं असेल." पुढचे दोन-तीन दिवस आत्या दुकानात आली तरी नुसती बसून राहायची.

अशाच एका दुपारी मी तिचं पांढरं कापड मशीनला लावलं होतं आणि सुईत दोरा काही जाईना. "आण इकडे," आत्या म्हणाली. डावा डोळा मिटला, दोरा धरला. चित्र काढतानाही ती डावा डोळा मिटूनच काढायची, जुनी सवय. दोरा ओवला आणि तशीच वाकून म्हणाली, "डाग आहे गं इथे. तेलाचा दिसतोय."

"कुठे? कोरं कापड आहे. आज घडी मोडलीय."

"हा काय, सुईशेजारी." तिने बोटाने झटकला. मग सवयीने कापड धरून हळूच हलवलं. आणि तिथेच थांबली.

"हलत नाही," ती म्हणाली.

मला काही कळेना. कापडावरचा डाग कापडाबरोबर हलणारच ना! आत्याने डावा डोळा मिटलेलाच ठेवून मान वर केली. भिंतीकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आता तुझ्या गालावर आहे," ती म्हणाली.

मी वेडीसारखा गाल पुसला. तिने उजवा डोळा झाकून डावा उघडला, परत उलटं केलं, आणि स्टुलावर मटकन बसली. "अगं, मी कागद हलवला. पण मी नाही हलले. वर, डोक्याकडे, टक लावून बसले होते, तो येईल म्हणून. कागद खालून सरकायचा आणि नजर तिथेच खिळलेली. मग हा कसा हलेल? हा माझ्याच डोळ्यात आहे."

मी तिला सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. सूर्यामुळे झालंय का, हे मीच आधी विचारलं. ते म्हणाले, छे, सूर्य तर त्या कागदावर बघतात. हे वयाचं आहे. डोळ्याच्या पडद्याला छोटासा डाग पडलाय. उपचाराने वाढायचा थांबेल, पण आहे तो जाणार नाही. "म्हणजे हा डाग काढता येत नाही," आत्या म्हणाली आणि चक्क हसली. डॉक्टरांना काय माहीत ती का हसतेय.

परत येताना मी तिला विनवलं, अगदी हातापाया पडले म्हटलं तरी चालेल. "आत्या, गप्प बस ना. सत्कार होऊन जाऊ दे. खरा डाग आज ना उद्या येणारच आहे, मग कोण विचारतंय? आत्ता बोललीस तर लोक म्हणतील, हिने आजवर काय काय काढलं असेल! आयुष्यभराच्या नावाला डाग लागेल."

ती रस्त्यातच थांबली. "लागू दे. सूर्याला नसलेला डाग लावायचा आणि आपलं नाव धुतलेलं ठेवायचं? हे नाही जमायचं मला." तिला वाईट वाटत नव्हतं असं मुळीच नाही. घरी येऊन ती खूप रडली. रडून झाल्यावर तिने त्या बाईंना फोन लावला आणि म्हणाली, "तुमचं यंत्र बरोबर आहे. माझे ते डाग काढून टाका." बाईंनी विचारलं, कुठले कुठले? "वरचे सगळे. आणि डोळा कधी बिघडला ते मला सांगता येत नाही, तेव्हा त्याआधीचंही पुन्हा एकदा तपासून घ्या." हे शेवटचं वाक्य तिच्याकडून कुणी मागितलं नव्हतं.

साहेब भडकले. पेपरात आलेल्या बातमीचं काय करू म्हणाले. सत्कार बारगळला, चहा-बिस्किटांवर निरोप झाला. दालनातला खिळा तसाच राहिला. पांढरा ड्रेस मी शिवून पूर्ण केला होता, तो घालून ती त्या चहाला गेली. लाँड्रीवाल्याच्या कानावर सगळं गेलं होतं. चहाहून परत येताना आत्या समोर दिसली तेव्हा त्याने पहिल्यांदाच तो विनोद केला नाही. नुसता उठून उभा राहिला.

त्यानंतर काही आठवडे गेले. एका सकाळी वहिनींचा मला फोन, आवाजात कापरं. "आत्याबाईंना घेऊन वर येता का? मला काहीतरी दिसतंय." मी दुकान तसंच उघडं टाकून आत्याला टेकडीवर नेलं.

घुमटाखाली अंधार, मधोमध फळीवर तो उजळ गोल. वहिनींनी बोट दाखवलं. वरच्या भागात एक बारीक काळा ठिपका होता. मलासुद्धा दिसला!

"कागद हलवलात?" आत्याने विचारलं.

"हलवला. जागचा हलत नाही."

"आता तुम्ही हला."

वहिनी गोंधळल्या. मग उठल्या, खुर्चीच्या या बाजूला आल्या, त्या बाजूला गेल्या, आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. "आहे," त्या म्हणाल्या. "तिथेच आहे." मग त्या बाजूला सरल्या आणि खुर्ची आत्यापुढे केली. "आत्याबाई, तुम्ही बघा ना एकदा. तुम्ही म्हणालात तरच मी काढेन."

आत्या फळीपाशी गेलीच नाही. माझा हात धरून ती दाराजवळ उभी होती, तोंड भिंतीकडे.

"मला नका विचारू," ती म्हणाली. "मला तर रोजच दिसतो. तुम्हाला दिसतोय ना? मग काढा."

वहिनींनी पेन्सिल उचलली. आत्याने माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली, आणि पेन्सिलीचा आवाज थांबेपर्यंत तिने तो सोडला नाही.