बाईच्या तुरीचे खुंट

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. बायकोला सांगितली नाही, मुलांना तर नाहीच. कोणी विचारलं तर "बाईचं येणं जमत नाही आता," एवढंच म्हणायचो. बाई म्हणजे माझी थोरली बहीण, बोरी अरबला दिलेली.

नेरजवळचं आमचं वावर वडिलांच्या मागे आम्हा दोघांच्या नावावर लागलं. सातबारा एकच, वाटणी नाही. वाहत होतो मी. फक्त विहिरीकडच्या तुरीच्या आठ ओळी, आमच्याकडे त्यांना तास म्हणतात, त्या बाईच्या. वडिलांनीच तसं ठरवून दिलं होतं. पेरायचो मी, पण सोंगायला, म्हणजे कापणीला, ती स्वतः यायची. मजूर लावू द्यायची नाही. "माहे तास मीच सोंगीन. नाही तं वावराले वाटन, मी मेली," म्हणायची. ती डावखुरी, त्यामुळे विळ्याचा काप उलटा पडायचा. माझ्या तुरीचे जमिनीत उरलेले खुंट रस्त्याकडे तिरपे, तिचे विहिरीकडे. वावराच्या कडेच्या धुऱ्यावर उभं राहिलं की कुठून बाईचं सुरू होतं ते कोणालाही कळायचं.

मेहुणे गेल्यावर तिने तहसीलला अर्ज दिला. मागणं साधं होतं. त्या ओळींपुरतं पीक सातबाऱ्यावर तिच्या नावाने लागावं. मला आधी बोलली होती. "तू मोबाइलवर पिकाचा फोटो टाकतं, त्यात माहं नाव काहून नसते रे भाऊ?" मी हसण्यावारी नेलं. पण वावराच्या पाहणीचा तहसीलचा कागद हातात पडला आणि मला जेवण जाईना. आज आठ ओळी, उद्या अर्धं वावर, हेच डोक्यात. नेरला अर्ज लिहून देणाऱ्या एकाने भीती आणखी वाढवली. "काका, ताबा एकट्याचा दाखवा. तिचं तिथं काहीच दिसलं नाही पाहिजे."

मला ते खुंट आठवले. चारच दिवसांपूर्वी ती सोंगून गेली होती.

पाहणीच्या दिवशी उजाडताच मी कापसाची पऱ्हाटी उपटायचा लोखंडी चिमटा घेऊन वावरात गेलो. तुरीचं मूळ खोल जातं, सहज येत नाही. आठही ओळी उपटल्या, फावड्याने खड्डे बुजवले, खुंट धुऱ्यापलीकडे बोरीच्या झाडाखाली टाकले. मग मान वर केली. बाकी सगळ्या वावरात खुंट उभे होते, आणि तेवढाच पट्टा मोकळा. बाईच्या वाट्याची जणू आखणीच मी करून ठेवली होती. आता माझे उपटायला वेळ नव्हता. रस्त्यावर मोटारसायकल वाजली.

तहसीलच्या अधिकाऱ्यांनी पहिलं तेच विचारलं. "हा पट्टा मोकळा कसा?"

"भाजी लावाची आहे, साहेब."

बाई तोवर येऊन उभी राहिली होती. तिने जमिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हात दाखव रे."

मी हात मागे घेतले.

"तुमची वहिवाट कुठं आहे, दाखवा," अधिकारी तिला म्हणाले.

तिची नजर बोरीखाली गेली. खुंटांचा ढीग तिला दिसला, हे मला दिसलं. चार पावलं चालून तिने एक खुंट उचलला असता तर मी संपलो होतो.

"लिवा साहेब," ती म्हणाली. "काही दिसत नाही म्हून लिवा."

पंचनाम्यावर सह्या झाल्या. जाताना ती हळूच म्हणाली, "चिमट्यानं उपटले ना? फोडं आले असतीन. तेल लाव."

नंतर ती वावरात आली नाही. पुढच्या साली मी तिच्या आठ ओळी तशाच उभ्या ठेवल्या. शेंगा वाळून तडकल्या, दाणे मातीत गेले.

मग कधीतरी दुसऱ्याच कामात एका वकिलाने सहज सांगितलं की सामाईक जमिनीत एकाचा ताबा हा सगळ्यांच्याच वतीने धरतात. मी एकटा वाहतो म्हणून बाईचा हक्क जात नव्हता. खुंट उपटले नसते तरी वावर माझ्या हातून गेलं नसतं. तिचं येणं तेवढं गेलं.

ती आजारी पडल्याचं कळलं तेव्हा बोरी अरबला गेलो. बसमध्ये वाक्य घोकत होतो. खाटेवरून तिने विचारलं, "तुरी निंघाल्या का?"

"निंघाल्या," मी म्हणालो. चहा घेतला आणि उठलो. महिन्याभरात ती गेली.

घोकलेलं वाक्य एवढंच होतं. बाई, ते तास तुयेच होते, मी उपटले, मले माफ कर.