कोरड्या मातीवरची शर्यत

टँकरचा हॉर्न वाजला की मला अजून जळक्या ऑईलचा वास येतो. दुष्काळाचं साल होतं. लग्न होऊन मी मुकुंदवाडीच्या पलीकडं, नव्या प्लॉटिंगमध्ये राहायला आले होते. शेजारच्या माळावर मोटारसायकलींची हंगामातली शेवटची शर्यत होती. त्यातल्या दोघा स्वारांचे गुण सारखे होते; त्यांच्यातला जो पुढं येईल, अजिंक्यपद त्याचं. टँकर आला तशा आम्ही बाया हंडे घेऊन पळालो, रांगही लावली. मग कळलं, हे पाणी धूळ बसावी म्हणून ट्रॅकवर मारायचं होतं. आम्ही ओशाळून वळलो, तेवढ्यात त्या दोघांतला एक हेल्मेट काढून म्हणाला, "हंडे भरू द्या त्यांचे." संयोजक म्हणाला, "मागं पडलास तर धुळीत काहीच दिसणार नाय." दुसऱ्या स्वारानंही मान डोलावली, "मला चालतंय." हंडे भरले आणि शर्यत कोरड्या मातीवर सुटली. पहिल्याच वळणावर हंडे भरू द्या म्हणणारा मागं पडला आणि धुळीच्या भिंतीत शिरला. दर फेरीला वाटायचं, आता पडला असणार. दर फेरीला तो त्या भिंतीतून तसाच सुसाट बाहेर यायचा. शेवटी हातभरानं हरला. गाडी लावून माझ्यापाशी आला, ओंजळ धरली, दोन घोट प्याला. मी म्हणलं, "तोंड तरी धुवा, भाऊ." "ऱ्हाऊ द्या ताई, लई पाणी जाईल," म्हणाला आणि तशाच मातकट तोंडानं जिंकलेल्याला मिठी मारायला गेला. आता तिथं इमारती आहेत. टँकर मात्र येतोच, आणि भरलेला हंडा उचलण्याआधी माझी नजर अजून ते वळण होतं तिकडं जाते.