काळ्या झग्यातली बाई आणि आमची वहिनी

बर्फावर घसरत नाचणाऱ्या बायकांच्या जागतिक स्पर्धेचा शेवटचा सामना मी पाहिला आहे. तोही रत्नागिरीत, तंबूत बसून, आणि एकदा नव्हे, तीनदा. हे सांगितलं की घरातली आत्ताची पोरं एकमेकांकडे बघून हसतात. हसा म्हणावं. तुम्ही पाहिलाय का? नाही ना? मग गप्प बसा.

एकोणीसशे तीसच्या पुढची ती दोन-तीन वर्षं. मी अठरा-एकोणीसची. लग्न कुठे जुळत नव्हतं आणि तोंडानं फटकळ. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं आईचं ठाम मत होतं. घरात आम्ही तिघीच, आई, वहिनी आणि मी. दादा मुंबईला गोदीत कारकून होता, तो गणपतीला आणि शिमग्याला यायचा.

त्या वर्षी चैत्रात फिरत्या सिनेमाचा तंबू मैदानात पडला. बायकांनी डाव्या अंगाला बसायचं, मध्ये कनात. चित्रं मुकी. पडद्याशेजारी एक गृहस्थ वेताची छडी घेऊन उभे राहायचे आणि काय चाललंय ते खणखणीत आवाजात सांगायचे. त्यांना स्वतःला किती कळत होतं देव जाणे, पण आवाज असा की मान डोलवावीच लागे. मुख्य खेळाआधी विलायतेकडच्या बातम्यांची फीत लागायची. कुठल्याशा राजाची मिरवणूक झाली, एक आगबोट पाण्यात सोडून झाली, आणि मग ते गृहस्थ ओरडले, "आता पाहा भगिनींनो, बायकांचा अंतिम सामना! खाली जमीन नाही, पाणी आहे! गोठलेलं पाणी!"

आमच्या शेजारच्या काकू माझ्या बाजूलाच बसल्या होत्या. त्यांचं माहेर पावसचं. त्या म्हणाल्या, "पाणी कसलं, कपाळ! कातळावर शेवाळ धरलंय झालं. आमच्या सड्यावर श्रावणात अस्संच होतं, पाय ठेवलात की गेलात." बायकांनी छडीवाल्यापेक्षा काकूंवर विश्वास ठेवला. मीही ठेवला. बर्फ मी तोवर एकदाच पाहिला होता, बोटीतून भुशात घालून आणलेला, कुणा तापकऱ्याच्या डोक्यावर ठेवायला. तेवढ्या ढेकळावर बाई नाचेल असं कुणाला वाटणार?

पहिली आली ती पांढऱ्या झग्यातली, उंच, गोरीपान. झगा गुडघ्यापर्यंत. तंबूभर "अगबाई!" झालं आणि सगळ्यांनी तोंडाला पदर लावले, डोळ्यांना मात्र कुणी लावला नाही. बुटांच्या तळाला विळीसारखी पाती होती. ती घसरत गेली, वळली, एका पायावर उभी राहून भिरभिर फिरली आणि थांबली तेव्हा तिचा केससुद्धा हलला नव्हता. सुरेख! माझ्याही तोंडून गेलं, पण का कोण जाणे, ती मला आवडली नाही. फारच आखीव वाटली.

मग आली काळ्या झग्यातली. ही बुटकी, जरा जाडच. हिनं सुरुवातच अशी केली की मी पुढे सरकून बसले. धावली काय, उलटी फिरली काय, एक पाय मागे उचलून पाखरासारखी तरंगली काय! छडीवाले गृहस्थ बोलायचे थांबले, यावरून काय ते समजा. आणि मग तिनं उंच उडी घेतली आणि धपकन पडली. सगळा तंबू हळहळला. मी ओरडले, "अगो, ऊठ!" काकूंनी मला चिमटा काढला. ती क्षणभर तशीच बसली होती, हात टेकून. मग उठली, झग्याला लागलेलं पांढरं झटकलं आणि पुन्हा तीच उडी घेतली. तीच! ज्या उडीनं पाडलं तीच. ह्या खेपेला बरोबर उतरली आणि शेवटी अशी गिरकी घेतली की तिला तोंड आहे की नाही ते दिसेना.

जाड कोटातल्या पंचांनी कागद पाहिले आणि पहिला नंबर दिला पांढऱ्या झग्याला. काळी दुसरी. माझा असा संताप झाला म्हणून सांगू! पुढे लागलेल्या मुख्य खेळात कोण कुणाला पळवून नेत होता ते मला आजही सांगता यायचं नाही. घरी येईपर्यंत मी त्या शिंच्या पंचांचा उद्धार करत होते.

आता इथं वहिनीचं सांगायला हवं, नाहीतर एका परक्या बाईच्या पडण्यानं माझा जीव एवढा का तुटला ते कळायचं नाही.

आमच्या आळीत वहिनीसारखी फुगडी कुणाची नव्हती. आदल्या वर्षी गौरीपूजनाच्या दुपारी आमच्या पडवीत वरच्या आळीच्या आणि खालच्या आळीच्या बायकांची फुगडी लागली. जी जोडी शेवटपर्यंत फिरत राहील ती जिंकली. वहिनीची जोडीदार मी. फुगडीत पावलांना पावलं जुळवायची, हात तिढा घालून धरायचे आणि अंग मागे टाकायचं. सगळा भार समोरचीच्या हातांवर. एकेक जोडी दमून बसली. राहिलो आम्ही आणि खालच्या आळीच्या दोघी. वहिनीनं वेग वाढवला. फिरता फिरता मला पडवीचा खांब दिसायला लागला, दर फेरीला आधीपेक्षा जवळ. मला वाटलं, आता माझं डोकं फुटणार. आणि मी हात सोडले.

मी मागच्या मागे बायकांच्या घोळक्यात पडले, मला खरचटलंसुद्धा नाही. वहिनी खांबावर गेली. गुडघ्याखाली पाय मोडला. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, चार महिने ती खाटेवर होती, आणि उठली ती पायात थोडी ओढ घेऊनच. सगळ्या म्हणाल्या, घामानं हात निसटले. मीही म्हटलं, हो, घामानंच. वहिनीसुद्धा येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगायची. मी तिचे पाय चेपले, तिच्या वाटणीचं पाणी भरलं, रोज सकाळी ठरवलं की आज खरं सांगायचं, आणि रोज ते उद्यावर ढकललं. ती फुगडीचं नाव काढत नव्हती. दुसऱ्या कुणाची फुगडी लागली की ती चुलीपाशी जाऊन बसायची. ती पुन्हा एकदा फुगडीला उभी राहावी, एवढंच मला देवाकडे मागायचं होतं. आणि खरं न सांगता ते मागायचीही लाज वाटत होती.

तर तंबूत मी दोनच दिवसांनी पुन्हा गेले. मी मूर्ख नव्हते, तीच फीत लागणार हे मला ठाऊक होतं. तरी तिनं उडी घेतली तेव्हा मी मनात म्हटलं, बये, आज सांभाळ. पडलीच. पंचांनीही अक्कल वापरली नाही. पण ह्या खेपेला मी तिचं उठणं नीट पाहिलं. तिला उठवायला कुणीही आलं नव्हतं. कुणी हळद घेऊन धावलं नाही, कुणी उचलून आत नेलं नाही. मी घरी येऊन वहिनीच्या मागे लागले, चल, चल, एकदा बघ.

आई कडाडली, "सिनेमाला गो कसली नेतेस तिला लंगडत? लोक काय म्हणतील?"

वहिनी तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "वन्सं एवढ्या म्हणतायत तर बघून येते हो."

तिसऱ्या खेपेला मी पडदा पाहिलाच नाही, वहिनीला पाहिलं. पांढऱ्या झग्याला तिनं मान हलवून दाद दिली. काळी आली तशी तिची बोटं मांडीवर ताल धरायला लागली. ती पडली तेव्हा वहिनीनं एकदम माझा हात धरला, आणि ती उठून पुन्हा त्याच उडीला धावली तेव्हा तो असा आवळला की माझ्या बांगड्या रुतल्या. "शाबास!" वहिनी मोठ्यांदा म्हणाली. आमची वहिनी, जी चारचौघांत पाणीसुद्धा मागत नसे! निकाल लागल्यावर तिचा मुळीच संताप झाला नाही. मी धुसफुसत होते तर म्हणाली, "पडली ना ती? मग दुसरा नंबर बरोबर आहे. पण नाचली झकास."

परतताना काकू पुढे कंदील घेऊन चालल्या होत्या, आम्ही दोघी मागे, तिच्या पायाच्या बेतानं.  मी म्हटलं, "ती काळी एकटीच नाचते ते बरं आहे. तिचे हात सोडायला कुणी नाही."

 वहिनी म्हणाली, "धरायलाही कुणी नाही." आणि आमटीला कोकम आहे की संपलं ते विचारायला लागली.

आषाढात घरामागच्या कातळावर शेवाळ धरलं तेव्हा मला काळ्या झग्याची आठवण झाली आणि मी काकूंचं शास्त्र ताडून पाहायला निघाले. पदर खोचला, चार पावलं धावले, एक पाय मागे उचलला. पुढचं सांगण्यासारखं नाही. चिखलात आडवी झाले तोच मागच्या दारातून हसण्याचा आवाज आला. वहिनी चौकट धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वर्षभरात ती तशी हसली नव्हती. "उठा, वन्सं," ती म्हणाली, "पुन्हा तीच उडी." मी उठले आणि पुन्हा पडले. काकूंचं बरोबर होतं, शेवाळच असणार. फक्त विलायतेतलं जरा चांगल्या प्रतीचं.

भाद्रपदात गौरी आल्या. पूजनाच्या दुपारी पडवी बायकांनी भरली. मी मुद्दाम कोपऱ्यात बसले होते. खालच्या आळीच्या त्याच दोघी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय हो, वरच्या आळीत कुणी उरलं नाही वाटतं?"

वहिनी चुलीपाशी होती. ती हात पुसत बाहेर आली, पडवीच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "वन्सं, या."

 आई आत गेली ती वाटी घेऊनच आली. चुलीतली राख तिनं वस्त्रगाळ करून ठेवली होती, वर्षभर मनात धरलं असणार. "चोळा गो हातांना दोघी. गेल्या खेपेस घामानं घात केला."

वहिनीनं वाटी घेतली आणि कोनाड्यात ठेवून दिली. "राख नको हो," ती आईला म्हणाली. मग तिनं तिढा घालून माझे हात धरले आणि मला एकटीला ऐकू येईल असं म्हणाली, "घामानं नव्हते सुटले."

 "तुला माहीत होतं?"

"माझेच हात होते ना वन्सं. न कळायला काय झालं?"

"मग बोलली का नाहीस वर्षभर?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते. बरं, पाय जुळवा, त्या दोघी हसतायत."

आणि तिनं अंग मागे टाकलं. पूर्ण, आदल्या वर्षीसारखं, सगळा भार माझ्या हातांवर. तो मोडका पाय पुढे, माझ्या पावलाला लागलेला. आम्ही फिरलो. आधी सावकाश, मग वहिनीनंच वेग वाढवला, तिला कोण आवरणार? बायका टाळ्या पिटत होत्या, फू-फूचा नुसता कल्लोळ. खांब आला, गेला, पुन्हा आला, अगदी जवळून गेला. मी डोळे मिटले नाहीत. मी वहिनीकडे बघत होते आणि ती माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर काय तेज होतं! त्या दोन्ही झग्यावाल्या तिच्यावरून ओवाळून टाकाव्या.

आम्ही जिंकलो नाही. वहिनीचा पाय थरथरायला लागला तेव्हा मला तो हातांतून कळला, आणि आम्ही हळूहळू वेग कमी करत उभ्याच्या उभ्या थांबलो. खालच्या आळीच्या दोघी आणखी चार फेऱ्या फिरल्या. दुसरा नंबर. मी पंचांना शिव्या घातल्या नाहीत, कारण तिथं पंच नव्हते, आणि दुसरं म्हणजे मला रडूच आवरत नव्हतं.

आई पाण्याचा तांब्या घेऊन आली, काकू पाठ थोपटत होत्या, सगळ्या एकदम बोलत होत्या. वहिनी धापा टाकत माझ्याकडे वाकली.

"वन्सं, आता सोडा हो," ती म्हणाली, "बोटं दुखतायत माझी."