भुंग्यासाठी मांडलेली शाळा

तिला सगळे पडदेवाली म्हणत. लोकांच्या खिडक्यांची मापं घ्यायची, कापड बेतायचं, अस्तर लावायचं आणि वर स्टुलावर चढून पडदे टांगूनही द्यायचे, हा तिचा धंदा. तोंडाने फटकळ, हाताने साफ. गिऱ्हाइकाने भलताच भडक रंग निवडला तर "घर तुमचं, डोळे तुमचे" एवढं म्हणून ती कात्री चालवायची. तिचा मुलगा आठ वर्षांचा होता आणि त्याचं घरचं नाव भुंगा, कारण तो गुणगुणायचा. ते काही गाणं नव्हे. नाकातून निघणारा एकच खर्जातला सूर, श्वास संपेपर्यंत लांबवलेला, आणि श्वास घेऊन पुन्हा तोच.

भुंगा बोलायचा फार कमी. वाचायला मात्र तो कुणी न शिकवताच शिकला होता, आणि मोडकी घड्याळं उघडून त्यातली चाकं पुन्हा जागच्या जागी बसवताना तर त्याचा सूर असा लागायचा की शेजारीपाजारीही ओळखत, आज स्वारी खुशीत आहे. पडदेवाली आत मशीन चालवता चालवता नुसत्या कानांनी त्याच्यावर लक्ष ठेवायची. चाक बसलं की सूर किंचित चढायचा, अडलं की तुटायचा. डॉक्टरांनी त्याच्या वागण्याला एक लांबलचक नाव दिलं होतं. तिला त्या नावापेक्षा तो सूर जास्त काही सांगायचा.

शाळेला तो सोसवेना. पहिल्या शाळेने त्याला शेवटच्या बाकावर बसवलं, दुसरीने व्हरांड्यात. तिथल्या बाई काही वाईट नव्हत्या, पण वर्ग खच्चून भरलेला, त्या तरी काय करणार? "याला आधी गप्प बसायला शिकवा, मग पाठवा," त्या म्हणाल्या. पडदेवालीने दप्तर उचललं आणि पुन्हा तिकडे पाऊल टाकलं नाही. तिथून ताठ मानेने निघाली, घरी येऊन ढसाढसा रडली. पुढे काय करायचं, हे तिला अजिबात ठाऊक नव्हतं.

वाट सापडली ती एका दवाखान्यात. मुलांना बोलायला शिकवणाऱ्या बाईंचा दवाखाना तो. तिथल्या बाकावर आईबाप एकमेकांच्या मुलांकडे बघत नाहीत, सगळे पंख्याकडे बघत बसतात. पडदेवालीला असलं सोंग कधी जमलं नाही. तिने सरळ विचारलं, "तुमच्याला कुठल्या शाळेने काढलं?" आधी सगळे दचकले, मग हसले. एक बेकरीवाला होता. त्याचा मुलगा पळभर एका जागी टिकत नसे, पण एकदा पाहिलेलं यंत्र हुबेहूब कागदावर उतरवी. एक नर्स होती, तिच्या मुलीला अक्षरं लागत नव्हती आणि ऐकलेलं सगळं पाठ असे. आणि एक इलेक्ट्रिशियन, बायको वारलेला. त्याच्या लेकीने त्याचा शर्ट मागून घट्ट धरला होता. मोठमोठे गुणाकार ती तोंडी करायची, म्हणून तिला सगळे आकडेबाई म्हणत. पण ताटलीवर चमचा वाजला तरी कान दाबून खाली बसायची.

"माझी बाहेरची खोली मोठी आहे," पडदेवाली म्हणाली. "मशीन मी स्वयंपाकघरात सारते. आपणच शिकवू की."

अशी ती शाळा सुरू झाली. आईबापांनी पाळीपाळीने शिकवायचं आणि आपल्या मुलाला आपण नाही, दुसऱ्याने शिकवायचं, म्हणजे चिडचिड निम्म्याने कमी. बेकरीवाला रात्रभर भट्टीपुढे उभा राहून सकाळी पावाचे तुकडे करत अपूर्णांक शिकवायचा, आणि शिकवता शिकवता पेंगायचा. नर्स हाडं शिकवायची. पडदेवालीने पहिल्याच दिवशी नियम सांगितला, "इथे कुणाही मुलाला गप्प बस म्हणायचं नाही." इलेक्ट्रिशियन सहसा बोलत नसे, पण त्या दिवशी बोलला. "आणि जे सोसवत नाही ते सोस, असंही म्हणायचं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढी शहाणी माणसं, पण हे दोन नियम एकमेकांवर आपटतील, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. शाळांनी सगळ्यांनाच इतकं पोळलं होतं की कुणाला कशालाही नाही म्हणायचं, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती.

सुरुवातीचे दिवस फार चांगले गेले. आकडेबाईने बापाचा शर्ट सोडला. एकदा तर ती नर्सच्या मुलीबरोबर मोठ्याने हसली आणि तिचा बाप तोंड फिरवून उगाच भिंतीवरचं बटण तपासू लागला. पण खोली एक आणि भुंग्याचा सूर खोलीभर. तो खुशीत असे, म्हणून सारखा गुणगुणे. आकडेबाई कोपऱ्यात सरकत गेली, मग स्वतःच्या मनगटाला चावू लागली.

"तो आवाज माझ्या दातांत जातो," तिने पडदेवालीला सांगितलं. तक्रार नव्हती. ती नेहमी असंच नेमकं बोलायची.

पडदेवालीने आपली सगळी विद्या पणाला लावली. जाड कापडाचे, दुहेरी अस्तराचे पडदे शिवून खोलीचे दोन भाग केले. खर्जातला सूर कापडाला कुठला दाद देतो? कानांवर लावायचं झाकण आणलं, तर आकडेबाईला डोक्यावरचा दाब सोसेना. वेगवेगळे दिवस ठरवून पाहिले, पण कामधंदा सांभाळून दोनदा शिकवायला कुणाला फुरसत? अखेर एका संध्याकाळी इलेक्ट्रिशियन एकटाच आला आणि दारातच उभा राहिला.

"ताई, आम्ही यायचं थांबवतो आता," तो म्हणाला. "घर तुमचं, शाळा तुम्ही काढलेली."

"ती कुठे जाईल?"

"बसेल घरी. आधी बसतच होती."

हा माणूस भांडला असता तर पडदेवालीने त्याला चांगलं सुनावलं असतं. तिला आठवलं ते त्या मुलीचं हसणं. "तिला पाठवा," ती म्हणाली. "सकाळी मी भुंग्याला घेऊन बाहेर जात जाईन. माझी शिकवायची पाळी दुसरं कुणी घेईल."

रात्री हे ऐकून तिच्या नवऱ्याने कपाळाला हात लावला. "अगं, ज्याच्यासाठी हे सगळं मांडलंस, त्यालाच बाहेर काढतेस?" भुंगा तिथेच चाकं जुळवत बसला होता. तो काही ऐकत नाही, असं दोघांनीही धरलं. इतकी वर्षं आईबाप असून त्यांनी ही चूक करावी.

मग सकाळी पोरं आत यायची आणि त्या घरचा पोरगा बाहेर पडायचा. दोघं बागेत बसत, बसथांब्यावर बसत, गिऱ्हाइकांच्या खिडक्यांची मापं घेत फिरत. भुंगा सारखा तिचा हात घराच्या दिशेने ओढायचा. ती काहीबाही दाखवून त्याला वळवायची, आणि प्रत्येक वेळी तिला स्वतःची चीड यायची.

एके दिवशी तो जिन्यात बसला आणि उठेचना. तिने समजावलं, बिस्किटाचं आमिष दाखवलं. तेवढ्यात बेकरीवाल्याने दार उघडलं आणि भुंगा त्याच्या बगलेखालून आत शिरला. पडदेवाली धावली. आकडेबाईने कान दाबले.

भुंगा आपल्या जागी बसला, चाकांचा डबा उघडला आणि कामाला लागला. ओठ घट्ट मिटलेले. आवाज नाही. एक चाक बसलं, दुसरं बसलं, तरी नाही. आकडेबाईने आधी एक हात खाली घेतला, मग दुसरा. थोड्या वेळाने ती उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि डब्यातलं एक चाक शोधून तिने त्याच्यापुढे धरलं.

"ताई, जमलं हो," नर्स डोळे पुसत म्हणाली. बेकरीवाल्याने त्याची पाठ थोपटली, "शहाणा झाला गडी." पडदेवाली सगळ्यांबरोबर हसली. तिला आनंद झाला नव्हता असंही नाही. लेकाला जागा मिळाली होती, मैत्रीण मिळाली होती.

दुसऱ्या दिवशीही तो गप्प होता, तिसऱ्या दिवशीही. मग तो घरातही गप्प राहू लागला. पोरं गेल्यावर, बापापुढे, आंघोळीच्या वेळी, कुठेच सूर नाही. स्वयंपाकघरात मशीन चालवताना बाहेर तो खुशीत आहे की अडला आहे, हे पडदेवालीला आता कळेना. ती सारखी उठून दाराशी जाऊन बघायची. तो चाकं बसवत असायचा. चेहऱ्यावरून काही समजायचं नाही, त्याच्या चेहऱ्यावरून कधीच समजलं नव्हतं.

एका दुपारी तिला राहवेना. मशीन थांबवून ती त्याच्यासमोर जमिनीवर जाऊन बसली. "आता कुणी नाही इथे," ती म्हणाली. "गुणगुण ना रे." तो बघत राहिला. मग तिनेच ओठ मिटून सूर लावला. त्याच्याइतका खाली तिला जाता येईना, सूर मध्येच चिरकला. तरी ती गुणगुणत राहिली.

भुंग्याने हातातलं चाक खाली ठेवलं आणि तिच्या तोंडावर हात ठेवला.

"आई, नको," तो हळूच म्हणाला. "तुलापण बाहेर काढतील."