अर्धा चमचा मीठ

लहान मुलांच्या ग्रंथींचे आजार मी मुंबईत एका ज्येष्ठ डॉक्टरांच्या हाताखाली शिकलो. तेव्हा त्या विषयाची वेगळी पदवी माझ्या आवाक्यात नव्हती. मुलाची उंची तीनदा मोजायची, सरासरी काढायची, मग बोलायचं, ही त्यांची शिस्त. ती मला मानवली. नव्वदीच्या सुरुवातीला मी बिऱ्हाडासह सुरतेत आलो.

सुरतेतल्याच कतारगाम भागातली सात वर्षांची एक मुलगी माझ्याकडे यायची. घर मूळचं खानदेशातलं, वडील लूमवर कामाला. तिच्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींत जन्मतः दोष होता, त्यामुळे अंगातलं मीठ लघवीवाटे वाहून जाई. मीठ धरून ठेवणारी गोळी तेव्हा सुरतेत मिळत नसे. दुसरी एक गोळी आणि जादा मीठ, एवढ्यावर तिचा जीव टिकून होता. मिठाच्या पुड्या बांधून देता आल्या असत्या. पण जे घरात आहे ते विकत कशाला घ्यायला लावायचं? मी आईला घरचा चमचा आणायला सांगितला आणि मीठ काट्यावर तोलून दाखवलं. रोज सपाट अर्धा चमचा, तिच्या वाट्याच्या भाजीत-वरणात. उपास मात्र अजिबात नाही.

"हिला कसला उपास, साहेब," आई हसली. "हिला तर जेवून उठताच भूक लागते."

आषाढात शेजारच्या गुजराती मुलींनी अलूणं व्रत धरलं. पाच दिवस बिनमिठाचं जेवायचं, टोपलीत पेरलेल्या जवाऱ्यांची, म्हणजे गव्हाच्या कोवळ्या रोपांची, पूजा करायची. हिनेही हट्ट धरला. चौथ्या दिवशी दुपारी वडिलांनी तिला उचलून आणलं तेव्हा नाडी हाताला लागत नव्हती. सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. संध्याकाळी ती गेली.

उपास करू नका म्हटलं होतं ना, असं मी आईला विचारलं. आवाज थोडा चढला असावा.

"उपास कुठं केला, साहेब? दोन्ही टाइम पोटभर जेवली. गोळी एक चुकवली नाही. व्रतात औषध चालतं, हे शेजारणीला विचारूनच मी हो म्हटलं."

औषध चालत होतं. मीठ मी स्वयंपाकात ढकललं होतं.

पुढे औषधवाल्याकडून मी मिठाच्या पुड्या बांधून घेऊ लागलो. एका आईने पुडी उघडून बोट जिभेला लावलं आणि विचारलं, हे तर साधं मीठ ना?

"नाही," मी म्हणालो. "औषध आहे."