गाळमास्तरांचं श्रीखंड

शिंदीच्या थेंबालाही न शिवणारा माणूस रोज सकाळी शिंदीच्या दुकानापुढे उभा! हे आमचे शेजारी, गाळमास्तर. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. पिणाऱ्यांनी रिकाम्या केलेल्या मडक्यांच्या तळाशी जो आंबट गाळ बसतो ना, तो बादलीत भरून आणायचे. अख्खं नेरडीगोंडा गाव नाक दाबायचं.

“मास्तर, काऊन ही घाण आणून राह्यले?” मी विचारायची.

“घाण नाही जी, खमीर हाय. याच्या पोटात जीवनसत्त्वं हायेत. फेकायच्या आधी त्याले विचारावं तरी, बाबा, तुझ्यापाशी काय हाय?”

विचारायचं म्हणजे काय, तर गाळ पाण्यानं धूधू धुवायचा, पांढरा झाला की फडक्यात बांधून खुंटीला टांगायचा. निथळला की वाळवून भुकटी. ती मास्तर स्वतः ताकातून घ्यायचे, गोऱ्ह्यालाही द्यायचे. गोऱ्हा धष्टपुष्ट झाला, मास्तर काडीचे काडीच.

तर त्यांच्या सुमनला बघायला बोथहून पाहुणे यायचे होते. आधीची स्थळं या वासापायीच परत गेलेली. मास्तरीणबाईंनी बजावलं, “आज बादली दिसली तर मी चालली माहेरी!” बादली लपली, खुंटीवरचं फडकं राहिलं. त्याच्याच शेजारी बाईंनी श्रीखंडाचा चक्का टांगलेला. घाईत हात पडला भलत्याच पुरचुंडीवर. साखर-वेलची घालून घोटलं आणि वाढलं की हो!

साखर मिळाल्यावर खमीर थोडंच गप्प बसतंय? वाट्यांमधलं श्रीखंड बुडबुडे काढत फुगायला लागलं. मुलाचे वडील म्हणाले, “बाई, तुमचं श्रीखंड बोलून राह्यलं!” तोवर त्यांनी अर्धी वाटी संपवलेली. मास्तरांनी खुंटीकडे पाहिलं आणि ओळखलं. गप्प राहावं ना! दारामागून सुमन हात जोडतेय, आणि हे पुढे वाकून विचारतात, “पाहुणे, तो शिंदीचा गाळ हाय. पोटात कसं वाटून राह्यलं, खरं सांगजा!”

पाहुण्यांनी डोळे वटारले, आणि मग ठसका लागेपर्यंत हसले. “ज्याले पोरीच्या लग्नापायी बी खोटं बोलता येत नाही, त्याचीच पोरगी पाहिजे मले!”

मास्तर गेल्या थंडीत गेले. यंदा दसऱ्याला मी बोथला सुमनकडेच जेवायला होते. तिचे सासरे दरवर्षी पहिल्या घासाआधी ओरडतात, “चक्का कायचा?” यंदाही ओरडले.

“दह्याचाच हाय, मामाजी,” सुमन म्हणाली.

“नुसत्या दह्याचा?” त्यांनी चमचा खाली ठेवला, आणि एखादा तरी बुडबुडा येईल म्हणून किती वेळ वाटीकडे बघत बसले.