फुलवालीचा फोन

आमच्या अमरावतीच्या बाजारातल्या फुलवालीला कमी ऐकू येतं. अकोल्याहून लेकीचा फोन आला की ती तो समोरच्या गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची. "ऐका वं बाई, काय म्हणून राहिली?" त्यामुळे लेकीची सासू आम्हां सगळ्यांना तोंडपाठ!

परवा फोनचं अपडेट आलं नि बटणांच्या जागाच बदलल्या. "काहून बदलवलं यायनं?" ती करवादली. मी तिला कुठल्या तोंडानं हसणार? तरुणपणी नव्या मिक्सरचं बटण लाटण्यानं दाबणारी शूरवीर मीच!

तेवढ्यात लेकीचा फोन आला आणि त्याच अपडेटमुळे तिचं बोलणं पडद्यावर अक्षरांत उमटू लागलं. फुलवाली बोट ठेवून वाचू लागली. मी सवयीनं हात पुढे केला. तिनं फोन छातीशी धरला आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी गरजली, "राहू द्या बाई! आता मायलेकीतलं मायलेकीतच राहीन!"